दाव्याआधी दाखला
पुणे जिल्ह्यातील सक्तीच्या सलोख्याचा इतिहास

पुण्यातील एखाद्या दुकानदाराचा मोठ्या नाममुद्रेच्या कंपनीशी तंटा झाला, फ्रँचाइझी रद्द झाली, अनामत अडकली, शिल्लक माल कंपनीने उचलला नाही, आणि तो दुकानदार वकिलाकडे गेला, तर आज त्याला प्रथम एक प्रश्न ऐकावा लागतो : मध्यस्थीची पायरी पार पडली आहे काय? तातडीच्या मनाईहुकुमाची गरज नसेल आणि रक्कम तीन लाखांच्या घरात किंवा तिच्यावर असेल, तर मध्यस्थीचा प्रयत्न केल्याशिवाय व्यापारी न्यायालय दावा दाखलच करून घेत नाही. हा नियम २०१८ सालचा. व्यापारीवर्गात असा समज आढळतो की ही कल्पना परदेशातून आली आणि पुण्याच्या बाजाराला ती अगदी नवी आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. 'आधी सलोख्याचा दाखला, मग दावा' हा नियम याच पुणे जिल्ह्यात १ नोव्हेंबर १८७९ रोजी अमलात आला होता. त्याचे कारण समाजाच्या पूर्वजांच्या वह्यांत आणि खतांत होते, म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी त्याची आठवण करणे अस्थानी ठरू नये.

पेशवाईत दिवाणी तंट्याचा निकाल बहुधा पंचायतीने लागे. पेठेत शेटे आणि महाजन असत, व्यापारातील कुरबुरी त्यांच्यापुढे जात, आणि प्रकरण वाढले तर पंच नेमले जात. पंच बसण्यापूर्वी दोन्ही पक्षांकडून 'राजीनामा' लिहून घेत. आज या शब्दाचा अर्थ नोकरी सोडणे असा झाला आहे. त्या काळी तो 'पंच सांगतील ते राजीखुशीने मान्य करू' असा लेख होता. त्यासोबत जामीन घेतला जाई. म्हणजे निकालाआधीच निकाल पाळण्याचे बंधन पक्षकार स्वतःवर घालून घेत. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे गुण आणि दोष दोन्ही नोंदवले. पंचायती रेंगाळत, पंचांना जमवणे कठीण जाई, आणि निकालाची अंमलबजावणी सरकारी अधिकाऱ्याच्या मर्जीवर राही. तथापि पंच स्थानिक असत आणि दोन्ही पक्षांची पत, सवयी आणि वह्या त्यांना ठाऊक असत, ही जमेची बाजू मोठी होती. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचे दोष विसरण्याची रीत आहे. येथे ते विसरण्याचे कारण नाही.

इंग्रजी अमलात पंचायत हळूहळू मागे पडली आणि तिची जागा दिवाणी न्यायालयाने घेतली. न्यायालय कागद पाहते. सावकाराकडे कागद होता, कुणब्याकडे नव्हता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू असा की व्याज फार साचू नये. परिणाम उलट झाला. दर तीन वर्षांनी जुने खत फाडून नवे लिहिले जाऊ लागले आणि त्यात साचलेले व्याज मुद्दल म्हणून चढू लागले. ज्यांनी खतावणी लिहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. व्याजाचे एकदा मुद्दल झाले की दामदुपटीची मर्यादासुद्धा पुढे सरकते. एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे पुढे सरकारी चौकशीत निघाले.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला भाव आला आणि दख्खनमध्ये कर्ज मुबलक मिळू लागले. युद्ध संपले, भाव पडले आणि त्याच सुमारास सारा वाढला. सावकाराने हात आखडता घेतला व जुनी वसुली सुरू केली. न्यायालय तालुक्याच्या गावी, समन्स हाती पडले तरी शेतकरी हजर होत नसे, आणि बहुसंख्य हुकूमनामे एकतर्फी होत. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावी सावकारांवर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी दंगल उसळली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आता बारामती तालुक्यात आहे. पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. एकूण ९५१ माणसे पकडली गेली.

या दंगलीचे एक वैशिष्ट्य इतिहासकारांनी आवर्जून सांगितले आहे. जमावाला हवी होती ती खते, रोखे आणि वह्या. त्या हाती लागल्या की तेथेच जाळल्या जात. जेथे सावकाराने कागद देऊन टाकले, तेथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. हे सावकार प्रामुख्याने मारवाडी आणि गुजर होते व त्यांत जैन कुटुंबे पुष्कळ होती. स्मरणिकेत पूर्वजांच्या दानाची आणि धर्मशाळांची वर्णने येतात, ती यावीतच. परंतु सुप्याच्या होळीत कोणाच्या वह्या जळाल्या आणि का, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. सगळेच सावकार लबाड नव्हते. दुष्काळात बियाणे आणि सारा भरायला रोख रक्कम त्यांच्याखेरीज कोणी देत नव्हते, आणि बुडीत कर्जाची जोखीमही त्यांचीच होती. पण हिशेब ऋणकोला कधी उघडून दाखवायचा नाही, ही जी चाल पडली होती, तिचे समर्थन करणे अवघड आहे.

पुण्यात याच दशकात दुसरा एक प्रयत्न चालू होता. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने लवाद कोर्टांची कल्पना उचलून धरली होती. सभेचे कार्यकर्ते गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक 'सार्वजनिक काका' म्हणत, ते स्वतः वकील होते. तरीही तंटे न्यायालयाबाहेर आपसांत मिटावेत यासाठी ते झटले. १८७७ च्या दिल्ली दरबारास हेच काका हाताने कातलेल्या सुताची खादी नेसून गेले होते. कापडाच्या धंद्यातील मंडळींनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे; खादीचा तो मान गांधीयुगाच्या कितीतरी आधीचा आणि पुण्याचा आहे. सभेच्या लवाद कोर्टांत येणे मात्र ऐच्छिक होते. ज्याची बाजू कागदावर भक्कम, तो तेथे कशाला येईल? स्वेच्छेच्या सलोख्याची ही मर्यादा तेव्हाच दिसून आली होती.

सरकारने दंगलीच्या चौकशीसाठी आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला, आणि १८७९ चा सतरावा कायदा झाला. इंग्रजीत तो 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' म्हणून ओळखला जातो. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड आणि पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना लागलेली आग, हेही त्याच वर्षीचे. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे कायद्याच्या कक्षेत आले. कर्जासाठी शेतकऱ्याला अटक करणे बंद झाले. सावकाराने पावती दिलीच पाहिजे, हिशेबाचा उतारा दिला पाहिजे, शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर झाला पाहिजे, अशा तरतुदी आल्या. सर्वांत महत्त्वाचे कलम बारावे. न्यायाधीशाने शेवटच्या खतावर न थांबता व्यवहाराच्या पहिल्या दिवसापासून हिशेब तपासावा, मुद्दल किती दिले, व्याज किती चढवले, फेड किती आली हे वेगळे काढावे, असे त्यात सांगितले होते. आधीचे खत उभयतांनी मान्य करून सही केले असले तरी ही तपासणी थांबत नसे.

या लेखाचा विषय असलेला भाग सहाव्या प्रकरणात होता. सरकार गावोगाव 'कन्सिलिएटर', म्हणजे सलोखा घडवून आणणारे गृहस्थ नेमील. पोलीस अधिकारी मात्र या जागी नेमता येणार नाही. ज्या तंट्यात एक पक्ष शेतकरी आहे, त्यात दावा लावू इच्छिणाऱ्याने आधी या गृहस्थांकडे अर्ज करायचा. ते दुसऱ्या पक्षास निमंत्रण धाडणार, दोघांचे म्हणणे ऐकणार आणि समेटाचा प्रयत्न करणार. वकिलाला तेथे मज्जाव होता. समेट झाला तर कबुलायत लिहून न्यायालयाकडे जाई. एका महिन्यात कोणी हरकत दाखवली नाही तर तिला हुकूमनाम्याचे बळ येई. समेट न झाल्यास अर्जदारास दाखला मिळे. आणि सत्तेचाळिसाव्या कलमाप्रमाणे हा दाखला जोडल्यावाचून दिवाणी न्यायालय दावा घेत नसे. भारतात दाव्यापूर्वीचा सलोखा कायद्याने सक्तीचा करण्याचे हे फार जुने आणि ठळक उदाहरण होय.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा या कायद्याशी दीर्घ संबंध आला. प्रथम ते विशेष न्यायाधीशांचे साहाय्यक होते, १८८७ मध्ये स्वतः विशेष न्यायाधीश झाले, आणि १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जाईपर्यंत या चार जिल्ह्यांतील न्यायालयांची तपासणी करत हिंडले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या फिरतीची वर्णने केली आहेत.

सलोख्याच्या या सक्तीचे पुढे काय झाले? कायद्याच्या इतर भागांनी शेतकऱ्यास बराच आधार दिला. सहावे प्रकरण मात्र अपेक्षेइतके फळले नाही, आणि त्याची कारणे आजच्या व्यापाऱ्याने नीट पाहावीत अशी आहेत. पहिले कारण असे की निमंत्रण हे निमंत्रणच होते. दुसरा पक्ष आला नाही तर कन्सिलिएटर त्याला आणू शकत नसे. तो दाखला लिहून देई आणि अर्जदार न्यायालयाकडे वळे. अशा वेळी दाखला हा दाव्याला जोडायचा आणखी एक कागद एवढाच उरला. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. न्यायालयात गेले तर बाराव्या कलमाखाली जुना हिशेब उकरला जाई. कन्सिलिएटरसमोर कबुलायत लिहून घेतली तर तो उकरला जात नसे. सलोख्याच्या नावाखाली न तपासलेल्या आकड्याला हुकूमनाम्याचे बळ मिळते, असा आक्षेप घेतला गेला तो यामुळे. म्हणजे दुबळ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या वाटेतूनच सबळ पक्ष सुखरूप पार होई. समेट करणारे गृहस्थ कितीही सज्जन असोत, वही बंद ठेवून झालेला समेट हा ज्याच्या हाती वही आहे त्याच्याच बाजूचा असतो. पुढे सलोख्याची ही तरतूद मागे पडली आणि १९४७ च्या मुंबई प्रांताच्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने सबंध कायद्याचीच जागा घेतली.

मधल्या काळात सलोख्याची परंपरा सरकारने नव्हे, तर बाजाराने सांभाळली. मुंबईच्या कापडबाजारातील व्यापारी संस्थांनी आपली लवादाची सोय ठेवली होती. पुण्यात रविवार पेठेतील कापडगंजात येणाऱ्या मालाच्या बिलाच्या तळाशीही 'वाद झाल्यास संस्थेच्या लवादाकडे' अशा अर्थाची ओळ छापलेली असे. वाराचा तुटवडा, रंगाचा फरक, हुंडीची मुदत असले तंटे जाणकार माणसे गाठ सोडून, माल पाहून मिटवत. तेथे दोन्ही पक्ष बरोबरीचे असत. उद्या पुन्हा एकमेकांकडे यायचे आहे, हे दोघांनाही ठाऊक असे.

फ्रँचाइझीने हे चित्र पालटले. दुकान दुकानदाराचे, सजावटीचा खर्च त्याचा, अनामत त्याची, नोकरांचा पगार त्याचा. नाव, माल, भाव आणि सवलतीचे दिवस ठरवणार कंपनी. करारपत्र छापील, बहुधा इंग्रजीत, आणि त्यातील एक शब्दही बदलता येत नाही. भारतात फ्रँचाइझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. तंटे ठरावीक असतात : न खपलेला माल परत घेणे, ठरलेल्या किमान हमीची रक्कम, जवळच दुसरे दुकान देणे, तोच माल इंटरनेटवर कमी भावात विकणे, मुदतीआधी करार मोडणे. येथे काळाने केलेली एक उलथापालथ ध्यानात घेण्यासारखी आहे. १८७५ मध्ये खत लिहून घेणारा होता त्याचे पणतू आज दुसऱ्याने लिहिलेल्या खतावर सही करीत आहेत, आणि हिशेब समोरच्याच्या संगणकात आहे.

२०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्याने व्यापारी तंट्यांची जी यादी केली, तिच्यात फ्रँचाइझीचे करार स्पष्टपणे घातलेले आहेत. सुरुवातीला एक कोटी आणि त्यावरील दावेच त्यात येत. २०१८ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीन लाखांवर आणली आणि १२-अ हे कलम घातले. त्यानुसार अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो. पुण्यात त्याचे कार्यालय शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात आहे. मध्यस्थीला तीन महिने मिळतात, दोघांच्या संमतीने आणखी दोन. शुल्क दोघांनी निम्मे-निम्मे द्यायचे. हा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. तडजोड झाली तर तिला लवादाच्या निवाड्याइतके बळ मिळते, म्हणजे वसुलीसाठी नवा दावा लावावा लागत नाही.

प्रारंभी अनेक न्यायालयांनी हे कलम सैलपणे घेतले. पाटील ऑटोमेशन विरुद्ध रखेजा इंजिनिअर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२२ रोजी ठरवले की ही पायरी सक्तीची आहे आणि ती गाळून आलेला दावा फेटाळलाच पाहिजे. हा दंडक २० ऑगस्ट २०२२ पासून लागू झाला. तातडीच्या आदेशाची मागणी नावापुरती जोडून पायरी चुकवण्याचा मार्गही २०२३ मध्ये यामिनी मनोहर प्रकरणात बंद झाला. तशी खरी गरज आहे काय, हे न्यायालय दावा वाचून पाहते. फ्रँचाइझी अचानक तोडली गेली आणि दुकान चालू ठेवण्यासाठी मनाईहुकूम हवा असेल तर थेट न्यायालयात जाता येते. नुसती अनामत व मालाची रक्कम हवी असेल तर नाही. त्याच वर्षी मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही झाला. त्याच्या मूळ मसुद्यात सर्वच दिवाणी तंट्यांसाठी अशी सक्ती होती. संसदीय समितीने आक्षेप घेतल्यावर ती गळली आणि मध्यस्थी ऐच्छिक राहिली. व्यापारी न्यायालयांपुरते १२-अ कलम मात्र कायम आहे.

पुष्कळ फ्रँचाइझी करारांत आणखी एक अडचण असते. त्यांत आधी आपसांत बोलणी, मग मध्यस्थी, मग लवाद, आणि लवादाचे ठिकाण दिल्ली किंवा बंगळुरू, असे कलम असते. लवादाचे कलम असेल तर १२-अ ची वाटच बहुधा लागत नाही. आणि कराराखालच्या खासगी बोलण्यांत गेलेले महिने मुदतीतून आपोआप वगळले जात नाहीत. नुसत्या वाटाघाटींनी मुदत पुढे ढकलली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा सांगितले आहे. 'साहेब, पुढच्या महिन्यात बसून मिटवू' या फोनवर दोन-अडीच वर्षे काढली, तर तीन वर्षांच्या मुदतीत उरतात ते थोडे महिने. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कुणब्याला जे शिकवले, तेच येथे दुकानदाराच्या वाट्याला येते.

मध्यस्थासमोर हिशेब तपासण्याची सक्ती आजच्या कायद्यातही नाही. बाराव्या कलमासारखे काही १२-अ मध्ये आढळत नाही. मध्यस्थ समेट सुचवतो, निवाडा देत नाही. त्यामुळे आवक मालाची चलने, परत पाठवलेल्या मालाच्या पोचपावत्या, जीएसटीची विवरणपत्रे, अनामतीची पावती आणि प्रत्येक महिन्याच्या विक्रीचा उतारा तारीखवार लावून स्वतःची वही स्वतः उघडून ठेवणारा दुकानदारच तेथे आकड्यावर बोलू शकतो. कंपनीचा प्रतिनिधी बहुधा एका ठोकळ रकमेचा प्रस्ताव घेऊन येतो. ती रक्कम बरी की वाईट, हे शेजारी चलने असल्याखेरीज कळत नाही.

आणि कंपनी आलीच नाही तर? प्राधिकरण नोटीस पाठवते, उत्तर न आल्यास पुन्हा एक पाठवते, आणि तरीही कोणी हजर न झाल्यास 'नॉन-स्टार्टर' अहवाल देते, म्हणजे मध्यस्थी सुरूच होऊ शकली नाही असे लिहून देते. १८७९ च्या दाखल्याप्रमाणेच हा कागद दाव्याला जोडला जातो, आणि त्यानंतर न्यायालयाचे दार उघडे होते.